ट्रिगरचे संगणक ‘पडून’ नसतात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे एलएचसीवर, आलेला लेख एरवी नेमका आणि वाचनीय होता. मात्र ‘वर्षातले कित्येक महिने तिथले हजारो संगणक नुसते पडून असतात’ हे त्यातले एक वाक्य खटकले. पुढच्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी त्या वाक्याचा धागा पकडून, असे संगणक तात्काळ प्रक्रिया आणि सवडीची प्रक्रिया यांच्यात कायमचे निम्मे निम्मे वाटून टाकावेत, अशी सूचना केली. लेखातले वाक्य निदान २०१३ पासून खरे नाही, आणि वाचकांची सूचना हेतूने चांगली असली तरी अमलात आणल्यास प्रयोगाचेच नुकसान करणारी आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत संगणकांचा सामाईक ताफा सांभाळण्यात माझी नोकरीची बावीस वर्षे गेली. मी मूलकणांचा शास्त्रज्ञ नव्हे, पण ‘यंत्र एक आणि मागणारे दोन’ हा तंटा रोज सोडवलेला माणूस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जागेअभावी कात्री लावावी लागल्यास मधला भाग कापावा, शेवटचा ठेवावा, ही विनंती.

आधी हे दोन मागणारे कोण, ते सांगितले पाहिजे. जिनिव्हाजवळ, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली असलेल्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोरून येतात आणि अ‍ॅटलास किंवा सीएमएससारख्या, टकरींतून निघणारे कण टिपणाऱ्या शोधकाच्या मध्यभागी सेकंदाला साधारण ४ कोटी वेळा एकमेकांना छेदतात. एवढ्या सगळ्याची नोंद ठेवणे कोणत्याही डिस्कच्या आवाक्यातले नाही. म्हणून पहिली चाळणी शोधकाजवळच्या खास इलेक्ट्रॉनिक पाट्या लावतात. काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन त्या सेकंदाला सुमारे १ लाख घटना (घटना म्हणजे एका छेदात जे घडले त्याची नोंद) पुढे सोडतात. दुसरी चाळणी मात्र साध्या सर्व्हरांच्या रॅकमध्ये, सॉफ्टवेअरने लागते. तिला हाय लेव्हल ट्रिगर म्हणतात आणि तिच्यासाठी उभारलेल्या संगणकांच्या ताफ्याला तिथली मंडळी ‘फार्म’ म्हणतात. एका घटनेमागे या फार्मला सरासरी काहीशे मिलिसेकंद मिळतात, आणि रन २ च्या, म्हणजे २०१५ ते २०१८ या टकरींच्या दुसऱ्या हंगामाच्या, काळात त्यातून सेकंदाला हजारेक घटना कायमच्या जतन होत होत्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. त्या परत मागवण्याची सोय विश्वात कुठेही नाही. तात्काळ प्रक्रिया म्हणजे ही.

सवडीची, म्हणजे ऑफलाइन प्रक्रिया त्यानंतर सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. जतन झालेल्या घटनांची पुनर्रचना, शोधकाच्या मापांत दुरुस्ती झाली की तीच पुनर्रचना पुन्हा पहिल्यापासून, आणि या सगळ्याहून अधिक संगणकवेळ खाणारे सिम्युलेशन. अमुक कण खरोखर निर्माण झाला तर शोधकात काय दिसेल, हे संगणकावर एकेका घटनेसाठी घडवून पाहावे लागते, आणि अ‍ॅटलासच्या तपशीलवार सिम्युलेशनमध्ये एका घटनेला काही मिनिटे लागतात. हे काम चाळीसहून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांच्या जागतिक ग्रिडवर वाटलेले असते. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीएमएसचे केंद्र आहे, आणि कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये अ‍ॅलिस प्रयोगाचे. एखाद्या केंद्रात वीज गेली आणि तिथला जॉब, म्हणजे संगणकाला दिलेले काम, बुडाला, तर तो दुसरीकडे पुन्हा लावता येतो. वेळ जातो, घटना जात नाही.

वाटपाचा विचार शक्य झाला तो या दोन कामांची यंत्रे आणि सॉफ्टवेअर मुळात एकाच जातीचे असल्यामुळे. ट्रिगरचा सर्व्हर आणि ग्रिडवरचा सर्व्हर यांत फरक असतो तो डिस्कचा आणि जाळ्याच्या जोडणीचा. आतले प्रोसेसर बाजारात मिळतात तेच. सीएमएसचे तर मूळ सॉफ्टवेअरही दोन्हीकडे एकच आहे, फक्त ट्रिगरमध्ये त्यातले जलद मार्ग वापरले जातात. पहिली चाळणी लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांना दुसरे काम सांगता येत नाही, दुसऱ्या चाळणीच्या सर्व्हरांना येते.

आता ‘पडून’ या शब्दाकडे वळतो. एलएचसी ही गिरणीसारखी बटण दाबले की सुरू होणारी वस्तू नाही. प्रोटॉन ४५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला आत सोडले जातात, मग सुमारे वीस मिनिटांत त्यांची ऊर्जा ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढवतात, मग झोत नीट जुळवून टकरी सुरू होतात, आणि त्या बहुधा कित्येक तास चालतात. झोत विरळ झाला, किंवा एखाद्या चुंबकाने कुरकुर केली, की तो फेकून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन भरणांच्या मध्ये, सगळे सुरळीत असले तरी, दोन-तीन तास जातात. रन २ च्या चांगल्या वर्षांतसुद्धा भौतिकीसाठी राखून ठेवलेल्या वेळापैकी साधारण निम्माच वेळ प्रत्यक्ष टकरींत गेला. त्याशिवाय दर हिवाळ्यातली थांबणूक असते, आणि २०१३ ते २०१५ किंवा २०१९ ते २०२२ यांसारखे दुरुस्तीचे दीर्घ काळ वेगळे. फार्म मात्र टकरींच्या ऐन भराच्या मापानेच विकत घ्यावा लागतो. सरासरीच्या मापाने घेतला, तर भर असताना घटना सांडतील. म्हणजे रिकामा वेळ ही कुणाची हलगर्जी नाही, तो या यंत्राच्या स्वभावातच आहे. लेखकाने एवढे सांगितले असते तरी वाचकांचा गैरसमज टळला असता.

या रिकाम्या वेळाचा पहिला हुशार उपयोग एलएचसीबी प्रयोगाने २०१२ साली केला, आणि तो ऑफलाइनवाल्यांना यंत्रे देऊन नव्हे. त्यांनी पहिल्या चाळणीतून आलेल्या घटनांपैकी सुमारे २० टक्के घटना फार्मच्याच स्थानिक डिस्कवर ठेवून दिल्या आणि पुढचे भरण होईपर्यंतच्या मधल्या तासांत त्या चाळल्या. फार्मचे आकारमान तेच राहिले, त्याने पेललेले काम वाढले. रन २ मध्ये तर त्यांनी चाळणीचे दोन टप्पे केले आणि दोन्हींच्या मध्ये सुमारे १० पेटाबाइटचा साठा उभा केला. घटना तिथे थांबलेल्या असताना शोधकाची जुळवणी आणि मापशुद्धी आपोआप पूर्ण होई, आणि दुसरा टप्पा सवडीने, पण ऑफलाइनच्या तोडीच्या अचूकतेने चाले. एरवी महिन्यांनी होणारी शुद्धी तासांवर आली. तात्काळ आणि सवडीचे यांच्यातली भिंत पाडायला सुरुवात झाली ती इथून, असे मला वाटते. आणि पाडली ती डिस्कने, प्रोसेसरने नव्हे. हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही.

दुसरा मार्ग अ‍ॅटलासचा. पहिल्या दीर्घ थांबणुकीत, २०१३ मध्ये, त्यांनी ट्रिगर फार्मवर ‘सिम ॲट पी-वन’ ही व्यवस्था सुरू केली. पी-वन म्हणजे पॉइंट १, जिथे अ‍ॅटलास शोधक जमिनीखाली उभा आहे ती जागा. ओपनस्टॅक या मुक्तस्रोत प्रणालीच्या साह्याने फार्मच्या सर्व्हरांवर आभासी यंत्रे, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने घडवलेले वेगळे संगणक, उभी केली गेली. ती सुमारे २,७०० पर्यंत गेली आणि प्रत्येकात ८ कोअर. त्या एका थांबणुकीत या यंत्रांनी ३ कोटी ३० लाखांहून अधिक प्रोसेसर-तास दिले आणि ११० कोटींहून अधिक घटनांचे सिम्युलेशन केले. ग्रिडच्या नजरेत हा फार्म म्हणजे आणखी एक केंद्र. सीएमएसनेही आपला फार्म याच प्रणालीने ग्रिडला जोडला, त्यामुळे कुलाब्याला जॉब धाडणारी रांग फ्रान्समधल्या सेसी गावाजवळच्या ट्रिगर फार्मलाही तसेच जॉब धाडू शकते. आपण कुठे गेलो आहोत, हे त्या जॉबला कळत नाही, कळायची गरजही नसते. महासाथीच्या काळात, २०२० साली, एलएचसीच्या फार्मांची काही ताकद ‘फोल्डिंग ॲट होम’ या प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पालाही दिली गेली होती. पडून असलेल्या संगणकांची ही दिनचर्या.

सिम्युलेशनच का निवडले, याला कारण आहे. ट्रिगरच्या सर्व्हरमध्ये डिस्क बेताची असते आणि फार्ममधून बाहेर जाणारी वाट मर्यादित असते. पुनर्रचनेच्या जॉबला ढीगभर डेटा आत आणून द्यावा लागतो. सिम्युलेशनला आत जवळजवळ काही लागत नाही, बाहेरही थोडेच येते, आणि मधला सगळा वेळ प्रोसेसर राबतो. शिवाय ट्रिगरचे जाळे बाहेरच्या जगापासून मुद्दाम तोडलेले असते, कारण त्याच जाळ्यावरून शोधकाचे नियंत्रण चालते. परक्या जॉबला तिथे घर द्यायचे, तर त्याला आभासी यंत्रात कोंडून, स्वतंत्र आभासी जाळ्यावर ठेवून, नियंत्रणाच्या तारांना त्याचा हात लागणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. ‘सामाईक वापर’ हा शब्द दोन सेकंदांत लिहून होतो, पण त्यामागे कुणीतरी महिनोन्महिने जाळ्याच्या याद्या तपासलेल्या असतात.

आता निम्मे-निम्मे वाटून टाकण्याच्या सूचनेविषयी. इथे मी माझाच एक जुना प्रसंग सांगतो. आमच्या संस्थेत एका उपकरणाकडून दर पंधरा मिनिटांनी डेटा येई आणि पुढचा येण्याआधी तो उरकावा लागे, कारण उपकरणाच्या स्वतःच्या डिस्कवर जेमतेम दोन तासांचा साठा मावत होता. त्यासाठी बारा सर्व्हर राखून ठेवलेले होते. उपकरण देखभालीसाठी चार दिवस बंद राहणार असे कळल्यावर मी मोठ्या उदारपणे त्यातले सहा विद्यार्थ्यांच्या रांगेला जोडून दिले. उपकरण दुसऱ्याच रात्री सुरू झाले. गणपतीचे दिवस होते. अर्धे रस्ते मांडवांनी बंद, आणि रात्री अडीच वाजता मी कोथरूडहून गल्लीबोळांतून स्कूटर काढत निघालो. पोचलो तेव्हा सहाही सर्व्हरांची मेमरी विद्यार्थ्यांच्या जॉबांनी गच्च भरलेली, पडद्यावर टाइप केलेले अक्षर उमटायला अर्धा मिनिट लागत होता, आणि उरलेल्या सहांवर तात्काळ कामाची रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली. शेवटी सर्व्हर बटण दाबून बंद केले. तोवर जवळपास तीन तासांच्या डेटावर नवा डेटा लिहिला गेला होता. सकाळी एक विद्यार्थिनी डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली. तिचा मोठा जॉब मी अर्ध्यावर मारला होता, आणि मधले टप्पे जतन करण्याची सोय तिच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. उदारपणाने दोघांचेही नुकसान केले. चूक माझी होती, आणि ती सर्व्हर दिल्याची नव्हती. ते परत कसे घ्यायचे, हे आधी न ठरवल्याची होती.

सर्नमधली माणसे हे आधीपासून ओळखून होती, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. अ‍ॅटलासमध्ये फार्म सिम्युलेशनकडून ट्रिगरकडे वळवण्याची कळ नियंत्रण-कक्षात पाळीवर असलेल्या माणसांच्या हातात ठेवलेली आहे. त्यासाठी वेबवर चालणारे एक साधे साधन त्यांना करून दिले आहे, आणि ते वापरायला संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. यंत्रे परत घेताना ऑफलाइनवाल्यांना फोन करून परवानगी मागायची नसते. खानदेशातल्या फड पद्धतीत पाटाचे दार पाटकऱ्याच्या हाती असते, ज्याचे शेत आहे त्याच्या हाती नसते, तसेच हे. मालकी दोघांची चालेल, दार एकाच्याच हाती हवे.

दुसरी गोष्ट जॉबांच्या बाजूची. कोणत्याही क्षणी हाकलले जाण्याची तयारी असलेलेच काम अशा उसन्या यंत्रावर पाठवायचे. अ‍ॅटलासने यासाठी ‘इव्हेंट सर्व्हिस’ विकसित केली. तिच्यात हजार घटनांचा जॉब एक गठ्ठा म्हणून न चालता एकेक घटना पूर्ण झाली की तिचे फलित लगेच बाहेर साठवले जाते. जॉब मारला तरी हातातली एखादी अर्धवट घटनाच काय ती बुडते. एलएचसीबीने लवचीक सिम्युलेशन जॉब केले, म्हणजे हाती किती वेळ आहे ते पाहून जॉब किती घटना करायच्या ते ठरवतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमला यातले काहीही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तिला तसे शिकवण्याची जबाबदारी आमची होती.

म्हणून कायमची टक्केवारी ठरवणे मला घातक वाटते. झोत चालू असताना फार्मचा काही हिस्सा सिम्युलेशनमध्ये गुंतून राहिला, तर ऐन भरात चाळणी अपुरी पडेल आणि त्या क्षणी सांडलेली घटना कोणत्याही सिम्युलेशनने भरून येणार नाही. उलट हिवाळ्यात अर्धा फार्म ट्रिगरसाठी राखून ठेवणे म्हणजे तो खरोखरच पडून ठेवणे. वाटप तुकड्यांचे नको, वेळेचे हवे. टकरी असताना ट्रिगरला लागेल तेवढे सगळे, आणि टकरी नसताना ऑफलाइनला जवळजवळ सगळे. टकरी ओसरत जातात तसा ट्रिगरचा भार हलका होतो, तेव्हा भरणाच्या अखेरच्या तासांत थोडे थोडे सर्व्हर सोडत जाता येते, पण तो तपशिलाचा भाग झाला.

इतके सांगून ट्रिगरवाल्यांचीही एक सवय नोंदवतो, कारण ती आमच्याकडेही पाहिली आहे. ‘हे यंत्र आमचे, बिघडले तर उत्तर कोण देणार?’ असे म्हणून रिकाम्या सर्व्हरांवर बसून राहणे सोपे असते. प्रश्न खोटा नाही. रात्री आभासी यंत्र अडकले तर कुणाला उठवायचे, सुरक्षेच्या दुरुस्त्या कुणी बसवायच्या, डिस्क झिजली तर पैसे कुणाच्या खात्यातून जायचे, ही उत्तरे लेखी हवीत. पण उत्तरे नाहीत म्हणून यंत्रच द्यायचे नाही, ही पळवाट झाली. विजेचा हिशेबही दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. रिकामा सर्व्हरही वीज खातोच, तरी भरलेला त्याहून बरीच जास्त खातो. युरोपात विजेचे संकट असताना सर्नने हिवाळ्यातली थांबणूक दोन आठवडे आधी, २८ नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केली होती. अशा दिवसांत उपयोगाचा जॉब रांगेत नसेल, तर सर्व्हर सरळ बंद करणे हाच शहाणपणा. शंभर टक्के वापर हा आकडा अहवालात शोभून दिसतो. ट्रिगरसारख्या यंत्राला ते माप लावणे म्हणजे अग्निशमन केंद्राच्या बंबाने महिन्यात किती किलोमीटर कापले, यावर त्याची किंमत ठरवणे होय.

या सगळ्याची पुढची पायरी अ‍ॅलिस प्रयोगाने रन ३ साठी गाठली, आणि आयआयटी मुंबईचे संशोधक त्या प्रयोगात असल्यामुळे आपल्या वाचकांना ती ठाऊक असायला हवी. जुलै २०२२ मध्ये रन ३ सुरू झाला तेव्हा अ‍ॅलिसने शिशाच्या अणुकेंद्रांच्या सेकंदाला ५० हजारांपर्यंत टकरी, मध्ये चाळणी न लावता, सलग वाचून घेण्याची योजना आखलेली होती. त्यासाठी केलेल्या प्रणालीचे नाव ओ-स्क्वेअर. यातला एक ‘ओ’ ऑनलाइनचा, दुसरा ऑफलाइनचा. सुरुवातीला २५० सर्व्हर, प्रत्येकात ८ ग्राफिक्स प्रोसेसर (एकाच वेळी हजारो छोटी गणिते करणाऱ्या चिप), म्हणजे २ हजार ग्राफिक्स प्रोसेसर. टकरी चालू असताना हा ताफा डेटा जागच्या जागी आवळून डिस्कवर टाकतो, आणि शिशाचे झोत नसताना तोच ताफा, त्याच ग्राफिक्स प्रोसेसरांवर, सविस्तर पुनर्रचना करतो. प्रोटॉनांच्या टकरींत भार कमी असल्याने ताफ्याचा काही भाग तेव्हाही सवडीच्या कामाला देता येतो. इथे ऑफलाइन पाहुणा राहिलेला नाही. घर बांधतानाच त्याची खोली आराखड्यात होती. शिशाचे झोत वर्षाकाठी काही आठवडेच असतात, तेव्हा एवढे ग्राफिक्स प्रोसेसर फक्त तेवढ्यासाठी घेतले असते, तर आपल्या लेखकांचे वाक्य खरे ठरले असते.

एलएचसीबीने याच काळात पहिल्या चाळणीतल्या इलेक्ट्रॉनिक पाट्याच काढून टाकल्या आणि त्या टप्प्याचे सगळे काम ग्राफिक्स प्रोसेसरांवर नेले. त्या सॉफ्टवेअरला संगणकशास्त्रज्ञ फ्रान्सेस ॲलन यांच्या नावावरून ‘ॲलन’ म्हणतात. सीएमएसच्या रन ३ मधल्या फार्ममध्ये सुरुवातीला २०० सर्व्हर, २५,६०० कोअर आणि ४०० ग्राफिक्स प्रोसेसर होते. इथे एक नवी अडचण येते. सिम्युलेशनचे जुने प्रोग्रॅम प्रामुख्याने साध्या प्रोसेसरसाठी लिहिलेले आहेत. असा प्रोग्रॅम ग्राफिक्स प्रोसेसरवाल्या सर्व्हरवर उसना पाठवला, तर साधे कोअर राबतील आणि यंत्राचा महागडा भाग खरोखरच पडून राहील. म्हणजे यापुढे नुसती यंत्रे देऊन भागणार नाही, ऑफलाइनचे प्रोग्रॅमही त्या यंत्रांच्या बोलीत नव्याने लिहावे लागतील. अ‍ॅलिसने ते आधी केले, म्हणून त्यांचे वाटप जमले.

हे प्रश्न २०३० च्या सुमारास आणखी मोठे होतील. तेव्हा सुरू व्हायच्या वाढीव तेजस्वितेच्या, म्हणजे अधिक दाट टकरींच्या, एलएचसीत पुंजक्यांच्या एका छेदात दोनशेपर्यंत टकरी एकावर एक रचल्या जातील, आणि सीएमएसची पहिली चाळणी आजच्या १ लाखाऐवजी सेकंदाला साडेसात लाख घटना पुढे धाडेल. फार्म त्या प्रमाणात वाढेल, आणि टकरी नसतानाचा त्याचा रिकामा वेळही तेवढाच मोलाचा होईल. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सीएमएसमध्ये टाटा संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची आयसर आहेत. या ताफ्यांची रचना कशी असावी, या चर्चेत आपल्या लोकांनी शोधकाच्या भागांइतक्याच हिरिरीने बोलावे, असे वाटते.

आणि आता घराजवळचे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. विषय कणांचा नाही, गुरुत्वीय लहरींचा आहे, पण संगणकांपुढचे कोडे हुबेहूब हेच. लहर आली की दुर्बिणींना मिनिटांच्या आत वर्दी द्यायची, आणि तोच डेटा पुढे वर्षभर सावकाश, पुन्हा पुन्हा तपासायचा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली, तेव्हा अमेरिकेतल्या दोन लायगो शोधकांपैकी लुइझियानातल्या शोधकात नेमका त्याच वेळी गोंगाटाचा एक झटका आला होता. तात्काळ प्रणालीने एकट्या हॅनफर्डच्या शोधकातून ती टिपली, आणि झटका काढून टाकून डेटा नीट वाचण्याचे काम माणसांनी नंतर केले. दोन्ही कामे एकमेकांवाचून अपुरी होती. लायगो-इंडियाच्या संगणकांची खरेदी होईल, तेव्हा निविदेतच तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. उपकरण बंद असताना हे सर्व्हर कोणत्या रांगेला जोडले जातील. ते परत घेण्याचा अधिकार पाळीवरच्या कोणत्या माणसाला, कुणालाही न विचारता, असेल. आणि परत मागितल्यापासून किती मिनिटांत ते रिकामे झाले पाहिजेत. तिसऱ्या गोष्टीची चाचणी प्रत्यक्ष गोंधळाची वाट न पाहता दर महिन्याला एकदा, शक्यतो रात्री अडीच वाजता, घ्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक अभियंता,
कोथरूड, पुणे